रेफ्रिजरंट आणि सॉल्व्हंटचा एचएस कोड काढायचा कसा

रेफ्रिजरंटचा, म्हणजे फ्रीज-एसीत थंडावा देणाऱ्या गॅसचा, कंटेनर न्हावा शेवाला लागला की बहुतेक ऑफिसात पहिला प्रश्न हाच येतो, "मागच्या बिल ऑफ एन्ट्रीत कुठला कोड टाकला होता?" मग आयातीच्या त्या कागदाची जुनी फाइल उघडतात, एचएस कोड (ड्युटी आणि नियम ज्यावर ठरतात तो मालाचा वर्गीकरण नंबर) उचलतात, चेकलिस्ट पार्टीला, म्हणजे आयातदाराला, पाठवतात, पार्टी ओके म्हणते, आणि चार दिवसांनी कस्टम्सची क्वेरी येते. मी बरीच वर्षं हेच काम करतोय आणि मनापासून सांगतो, या मालात कॉपी-पेस्ट करू नका. सिलिंडरवर आर-४०४ए लिहिलंय की "आर-४०४एचा पर्याय" लिहिलंय, एवढ्याने कोड बदलतो. हा गॅस फ्रीजमध्ये जाणार की एसीमध्ये की फोम बनवायला, याच्याशी कोडचा जवळजवळ काही संबंध नसतो, आत कुठला रेणू आहे आणि तो एकटा आहे की मिश्रणात आहे यावर सगळं ठरतं.

तर पहिला प्रश्न एकच विचारायचा, एकच केमिकल आहे की ब्लेंड आहे? एकच असेल तर चॅप्टर २९, हेडिंग २९०३, म्हणजे हायड्रोकार्बनची हॅलोजनेटेड डेरिव्हेटिव्ह्ज (क्लोरिन, फ्लोरिन, ब्रोमिन असे हॅलोजन जोडलेली). ब्लेंड असेल तर चॅप्टर ३८, आणि तिथे १ जानेवारी २०२२ पासून ३८२७ हे नवं हेडिंग आलंय. त्याआधी हेच ब्लेंड ३८२४.७१ ते ३८२४.७९ मध्ये जायचे, आणि बाहेरच्या काही सप्लायरच्या इन्व्हॉइसवर अजूनही ३८२४.७८ छापलेलं येतं, ते बघून घाबरू नका आणि ते उचलूही नका. तसंच २०२२ च्या आधी सगळे एचएफसी (फक्त हायड्रोजन, फ्लोरिन आणि कार्बनचे गॅस) २९०३.३९ या एकाच डब्यात होते, आता त्यांना २९०३.४१ पासून वेगवेगळ्या खोल्या मिळाल्यात. त्यामुळे २०२१ ची फाइल समोर ठेवून काम केलं तर चुकणारच.

आता केमिस्ट्री न शिकलेल्या माणसाने रेणू ओळखायचा कसा? यासाठी एक सोपी युक्ती आहे, मी नवीन मुलांना पहिल्याच दिवशी शिकवतो. आर नंबरमध्ये नव्वद मिळवायचे. आर-१३४ए घ्या, १३४ अधिक ९० म्हणजे २२४. पहिला आकडा कार्बन, दुसरा हायड्रोजन, तिसरा फ्लोरिन. म्हणजे कार्बन दोन, हायड्रोजन दोन, फ्लोरिन चार. दोन कार्बनच्या साखळीला बाहेर एकूण सहा जागा असतात, एका कार्बनला चार, तिघांना आठ. इथे दोन आणि चार मिळून सहा भरले, म्हणजे क्लोरिनला जागाच उरली नाही. झालं, हा एचएफसी, कोड २९०३.४५. आता आर-२२ घ्या, २२ अधिक ९० म्हणजे ११२. कार्बन एक, हायड्रोजन एक, फ्लोरिन दोन, चार जागांपैकी तीन भरल्या, एक उरली, ती क्लोरिनची. क्लोरिन आणि फ्लोरिन दोन्ही आले म्हणजे दोन वेगळे हॅलोजन, म्हणजे २९०३.७१, एचसीएफसी-२२. आर-१४१बी ला २३१ येतं, म्हणजे कार्बन दोन, हायड्रोजन तीन, फ्लोरिन एक, उरलेल्या दोन जागा क्लोरिनच्या, कोड २९०३.७३. जुना आर-१२ घ्या, १०२ येतं, हायड्रोजन शून्य, म्हणजे सगळ्या जागा फ्लोरिन-क्लोरिननेच भरलेल्या, हा सीएफसी, २९०३.७७. आणि १३२४ आलं तर? म्हणजे आर-१२३४वायएफ, नव्या गाड्यांच्या एसीत येतो तो. आकडे चार झाले की पहिला आकडा दुहेरी बंधाचा, मग कार्बन तीन, हायड्रोजन दोन, फ्लोरिन चार. दुहेरी बंध आहे म्हणजे अनसॅच्युरेटेड, म्हणजे २९०३.५१.

कागद-पेन घेऊन पाच मिनिटं करून बघा, हातात बसतं. शेवटी जे ए, बी, वायएफ लागतं ते फक्त अणू कुठे लटकलेत ते सांगतं.

नंबर चारशेपासून किंवा पाचशेपासून सुरू होत असेल तर हे गणित करायचंच नाही, ती मिश्रणं आहेत. पाचशेवाली अझिओट्रोप असतात, म्हणजे उकळताना एकाच पदार्थासारखी वागतात, म्हणून काही पार्ट्या भांडतात की हे एकच केमिकल आहे, २९०३ मध्ये घ्या. नाही चालत. आर-५०७ए मध्ये १२५ आणि १४३ए अर्धं अर्धं आहे, ते कसंही उकळो, ते मिश्रणच. सातशेवाले अकार्बनी, सातशेच्या पुढे रेणूभार लिहिलेला असतो, अमोनिया १७ म्हणून आर-७१७, कोड २८१४.१०, आणि कार्बन डायऑक्साइड ४४ म्हणून आर-७४४, कोड २८११.२१. आर-२९० ला नव्वद मिळवलं की ३८० येतं, कार्बन तीन, हायड्रोजन आठ, फ्लोरिन शून्य, हा साधा प्रोपेन. यात हॅलोजनच नाही त्यामुळे २९०३ चा विषयच येत नाही. प्रोपेन कितीही शुद्ध असला तरी चॅप्टर २७ ची पहिली नोट त्याला २७११ मध्येच पाठवते, तिथे २७११.१२. घरातल्या फ्रीजमधला आर-६००ए, म्हणजे शुद्ध आयसोब्युटेन, मात्र २९०१.१० ला जातो. दोघेही "हायड्रोकार्बन रेफ्रिजरंट" म्हणून एकाच इन्व्हॉइसवर येतात आणि लोक दोघांना एकच कोड लावून मोकळे होतात.

एक तक्ता भिंतीवर लावून ठेवा. आर-२३ ला २९०३.४१, आर-३२ ला ४२, आर-१५२ए ला ४३, आर-१२५ आणि आर-१४३ए दोघांना ४४, आर-१३४ए ला ४५, आर-२२७ईए ला ४६, आर-२४५एफए ला ४७. आर-१४ आणि आर-११६ सारखे नुसते फ्लोरिनचे परफ्लुओरोकार्बन ४९ मध्ये, "इतर". हे सगळे सहा आकडी, पुढचे दोन आकडे चालू वर्षाच्या टॅरिफमधून बघून टाका, पाठांतरावर जाऊ नका. आणि चिलरमध्ये येणारा आर-१२३३झेडडी? त्यात दुहेरी बंध आहे म्हणून लोक ५९ ला, म्हणजे इतर अनसॅच्युरेटेडमध्ये, टाकतात, पण त्यात क्लोरिनही आहे, दोन वेगळे हॅलोजन झाले म्हणजे तो ७९ मध्ये. दोन हॅलोजन आहेत का हे तपासल्याशिवाय दुहेरी बंधाकडे जायचंच नाही.

आता ब्लेंड. खरी डोकेदुखी इथे आहे, म्हणून इथे सावकाश जाऊ.

३८२७ वरून खाली उतरत वाचायचं असतं, जिन्यासारखं. एक पायरी लागू झाली की तिथेच थांबायचं. सगळ्यात वर सीएफसी. मिश्रणात सीएफसी थोडा जरी असला तरी ३८२७.११, बाकी काय आहे ते बघायचं नाही. जुना आर-५०२ आर-२२ आणि आर-११५ चा असतो, ११५ सीएफसी आहे, म्हणून तो ११. मग हॅलॉन, म्हणजे आग विझवायचे ब्रोमिनवाले गॅस, २० मध्ये. मग एचसीएफसीवाली मिश्रणं ३१, ३२, ३९ मध्ये. मग मिथाइल ब्रोमाइडवाली ४० ला. मग एचएफसी-२३ असेल तर ५१, म्हणजे खूप खालच्या तापमानाच्या फ्रीजरमध्ये येणारा आर-५०८बी. हे सगळं नाही म्हटल्यावर मग ६१ पासून रोजचे ब्लेंड सुरू होतात.

६१ म्हणजे आर-१४३ए वजनाने १५ टक्के किंवा जास्त. ६२ म्हणजे आर-१२५ हा ५५ टक्के किंवा जास्त, पण एचएफओ नको, म्हणजे १२३४वायएफसारखे अनसॅच्युरेटेड नको. ६३ म्हणजे १२५ हा ४० टक्के किंवा जास्त, इथे एचएफओ असला तरी चालतो. ६४ म्हणजे १३४ए ३० टक्के किंवा जास्त, पुन्हा एचएफओ नको. ६५ म्हणजे आर-३२ आणि आर-१२५ दोन्ही प्रत्येकी २० टक्के किंवा जास्त. यात काहीच बसलं नाही पण २९०३.४१ ते ४८ मधला एखादा गॅस आहे, तर ६८. त्यातही नाही तर ६९.

आता हातात घेऊन बघू. आर-४०४ए मध्ये १२५ आहे ४४ टक्के, १४३ए ५२ आणि १३४ए ४. पहिल्याच पायरीवर थांबला, ६१. आर-४१०ए अर्धा ३२ अर्धा १२५, पहिली पायरी नाही, दुसरीला ५५ लागतात, ५० आहेत, नाही, तिसरी ४०, बसला, ६३. आर-४०७सी मध्ये आर-३२ आहे २३ टक्के, आर-१२५ आहे २५ आणि आर-१३४ए ५२, तो ६४ ला. पण त्याच घरातला आर-४०७ए बघा, ३२ वीस, १२५ चाळीस, १३४ए चाळीस, तो ६३ ला. दोघांचं आडनाव एकच, ४०७, कोड वेगळे. आर-५१३ए मध्ये १३४ए ४४ टक्के आहे म्हणून हात ६४ कडे जातो, पण त्यात ५६ टक्के १२३४वायएफ आहे, एचएफओ आला, ६४ बाद, तो ६८ ला. आर-४५४बी पण ६८ ला, त्यात १२५ नाहीच. आर-४४९ए मध्ये चारही घटक जवळजवळ पाव पाव, तो ६५ ला.

आणि आर-४५२ए, ज्याने आम्हाला रडवलं. रेफ्रिजरेटेड ट्रकचं काम करणाऱ्या एका पार्टीचा माल होता. इन्व्हॉइसवर डिस्क्रिप्शन काय, तर "आर-४०४ए रिप्लेसमेंट". आमच्याकडच्या मुलाने जुनी ४०४ए ची फाइल काढली आणि ६१ टाकला, मीपण वरवर नजर टाकून सोडून दिला, ही चूक माझी. माल फर्स्ट चेकला, म्हणजे ड्युटी ठरण्याआधीच्या तपासणीला, लागला, सॅम्पल जेएनसीएचच्या (न्हावा शेवा कस्टम हाउसच्या) लॅबला गेलं, टेस्ट मेमोच्या उत्तरात १४३ए चा पत्ताच नाही. आत होतं ३२ अकरा टक्के, १२५ एकोणसाठ, १२३४वायएफ तीस. आता गंमत बघा, १२५ एकोणसाठ आहे म्हणून पार्टीचा माणूस म्हणाला ६२ करा. पण एचएफओ आहे ना, ६२ बाद, त्याची जागा ६३. दुरुस्ती झाली, पण सीएफएसमध्ये (कंटेनर ठेवायच्या यार्डात) दिवस गेले, डिटेन्शन (कंटेनर उशिरा परत दिल्याचा आकार) लागलं, आणि पार्टीला तोंड दाखवायची लाज वाटली. कंपोझिशनची शीट दिवसभर मेलमध्येच पडून होती, उघडलीच नव्हती.

आर-४०७ए ची अजून एक बारीक गोष्ट, कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. त्यात १२५ बरोबर ४० टक्के आहे आणि कोडची अट पण "४० किंवा जास्त". ब्लेंड भरताना टॉलरन्स असतो, त्यामुळे एखाद्या बॅचमध्ये १२५ एकोणचाळीस पॉइंट काहीतरी येऊ शकतो. तसं झालं तर ६३ ची अट तुटते आणि माल ६४ ला सरकतो. म्हणून सर्टिफिकेट ऑफ अॅनालिसिस नेहमी बॅचचं मागवा, कॅटलॉगचं नको. कॅटलॉगमध्ये नेहमी गोल आकडेच असतात.

"ड्युटी तर सारखीच आहे, मग सबहेडिंगवर एवढी डोकेफोड कशाला?" हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलंय. बीसीडी (मूळ सीमाशुल्क) साडेसात टक्के धरला, त्यावर दहा टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज, मग सगळ्यावर १८ टक्के आयजीएसटी, तर एकूण २७.७३५ टक्के होतात, आणि शेजारच्या कोडला पण तेवढेच असतील तर पार्टीला फरक दिसत नाही. पण कोडच्या मागे बाकीचं बरंच बांधलेलं असतं. आर-२२ किंवा कुठलाही एचसीएफसी असेल तर २००० सालचे ओझोन घटवणाऱ्या पदार्थांचे नियम लागतात, लायसन्सशिवाय माल हलत नाही. एचसीएफसी-१४१बी ला तर १ जानेवारी २०२० पासून आयातीचं लायसन्सच बंद आहे. चीनमधून येणाऱ्या आर-३२ वर आणि काही एचएफसी ब्लेंडवर डिसेंबर २०२१ मध्ये पाच वर्षांसाठी अँटी-डंपिंग ड्युटी लागली, आणि ती मालाच्या वर्णनावर लागते, त्या नोटिफिकेशनमधला कोड फक्त दिशा दाखवायला असतो, म्हणून नोटिफिकेशन पूर्ण वाचा, फक्त कोड मॅच करून निष्कर्ष काढू नका.

आणि एक मोठी गोष्ट आहे जी मला खरंच महत्त्वाची वाटते. एचएफसीचा वापर कमी करायच्या किगाली करारावर भारताने सप्टेंबर २०२१ मध्ये शिक्कामोर्तब केलं. त्याप्रमाणे आपल्या देशाची एचएफसीची बेसलाइन २०२४, २०२५ आणि २०२६ या तीन वर्षांच्या आकड्यांवर बसते, त्यात एचसीएफसीच्या बेसलाइनचा ६५ टक्के हिस्सा मिळवतात, आणि २०२८ पासून वापर तिथे गोठतो, मग २०३२ ला दहा टक्के कपात आणि पुढे वाढत वाढत २०४७ ला ८५ टक्के. हा हिशोब टनात होत नाही, कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत किती तापवतो यावर होतो. या कराराच्या हिशोबात १४३ए चा आकडा ४४७०, १२५ चा ३५००, ३२ चा फक्त ६७५. म्हणजे एक किलो ४०४ए सुमारे ३९२२ किलो धरला जातो आणि एक किलो ४५२ए सुमारे २१४०. आता कळलं ना रोजच्या ब्लेंडच्या पहिल्या पायरीवर १४३ए का बसलाय? आमच्या त्या चुकीच्या ६१ मुळे देशाच्या वहीत तो माल जवळजवळ दुप्पट तापवणारा म्हणून चढला असता. एका कंटेनरने काही होत नाही म्हणाल, पण सगळेच असं म्हणतात.

सॉल्व्हंटकडे येऊ. तारापूर, तळोजा, अंबरनाथच्या फार्मा आणि केमिकल कंपन्यांचा माल रोज येतो आणि यातली मुख्य नावं कमीच आहेत. एमडीसी म्हणा, डीसीएम म्हणा, मेथिलीन क्लोराइड म्हणा, एकच, २९०३.१२. क्लोरोफॉर्म १३, सीटीसी म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड १४, ईडीसी १५. टीसीई (ट्रायक्लोरोएथिलीन) २२, ड्रायक्लीनिंगवाला पर्क (परक्लोरोएथिलीन) २३. मोनोक्लोरोबेंझिन २९०३.९१. ईडीसी म्हणजे १,२-डायक्लोरोइथेन, याचा सख्खा भाऊ १,१-डायक्लोरोइथेन मात्र २९०३.१९ ला जातो, नावात "डायक्लोरोइथेन" एवढंच लिहिलं असेल तर कॅस नंबर (प्रत्येक केमिकलचा ठरलेला ओळख क्रमांक) विचारा, १०७-०६-२ असेल तर ईडीसी, ७५-३४-३ असेल तर दुसरा. रेफ्रिजरंटमध्ये १३४ आणि १३४ए एकाच कोडमध्ये राहतात, इथे आयसोमरने (तेच अणू, मांडणी वेगळी) कोड बदलतो, त्यामुळे एका ठिकाणचा नियम दुसरीकडे लावू नका.

स्टॅबिलायझरचा प्रश्न कायम येतो. क्लोरोफॉर्ममध्ये थोडं इथेनॉल टाकलेलं असतं, एमडीसीत अॅमिलीन किंवा मेथेनॉल. सॅम्पल रिपोर्टमध्ये दोन नावं दिसली की कोणीतरी म्हणतं, हे मिश्रण झालं, ३८ ला टाका. शांत राहा, चॅप्टर २९ ची पहिली नोट उघडा. माल टिकवायला किंवा वाहून न्यायला जो स्टॅबिलायझर लागतो तो टाकल्याने माल २९ मधून बाहेर पडत नाही. फार्मा ग्रेड, टेक्निकल ग्रेड याने पण फरक पडत नाही. पण एखाद्या ठरावीक कामासाठी मुद्दाम काही मिसळलं की गोष्ट बदलते. गाडीच्या एसीसाठी छोट्या कॅनमध्ये आर-१३४ए सोबत कॉम्प्रेसर ऑइल आणि लीक शोधायचा डाय घालून येतो, तो २९०३ मधून बाहेर, मिश्रणाकडे.

सॉल्व्हंटचं ब्लेंड असेल तर ३८२७ च्या आधी ३८१४ बघा. ३८२७ मध्ये स्पष्ट लिहिलंय की दुसरीकडे कुठे जागा नसेल तरच इथे या. डिग्रीझर, थिनर, पेंट रिमूव्हर यांची जागा ३८१४ आहे. अजून एक खाच म्हणजे ३८२७ फक्त मिथेन, इथेन, प्रोपेन यांच्या हॅलोजन डेरिव्हेटिव्ह्जच्या मिश्रणांचं आहे. टीसीई आणि पर्क हे एथिलीनचे, त्यांच्या मिश्रणात तिघांपैकी कोणी नसेल तर ३८२७ लागूच होत नाही. आणि नावात "फ्लुओरो" दिसलं म्हणून २९०३ मारू नका, इलेक्ट्रॉनिक्स धुवायला येणारे हायड्रोफ्लुओरोइथर हे इथर आहेत, त्यांची जागा २९०९. ऑक्सिजन आला की २९०३ संपला.

सिलिंडर विसरू नका, कारण क्वेरी बऱ्याचदा तिथून येते. पुन्हा भरायचा स्टीलचा सिलिंडर वेगळा धरायचा, ७३११, आयएसओ टँक ८६०९. परत पाठवणार असाल तर नोटिफिकेशन १०४/९४ खाली बॉण्ड देऊन सोडवता येतात. सिलिंडरच्या रंगावर विश्वास ठेवू नका, पूर्वी १३४ए निळा, २२ हिरवा, ४१०ए गुलाबी अशी ओळख होती, आता बऱ्याच ठिकाणी सगळेच करड्या-हिरवट रंगात येतात. निळ्या सिलिंडरमध्ये आर-२२ भरून आणल्याच्या घटना जगभर पकडल्या गेल्यात, म्हणून तर कस्टम्सकडे गॅस ओळखायचं मशीन असतं.

तर पुढच्या वेळी पार्टीने इन्व्हॉइस पाठवला की कोड टाकायच्या आधी चार कागद मागा: बॅचचं अॅनालिसिस, सेफ्टी डेटा शीट, प्रत्येक घटकाचा कॅस नंबर आणि वजनाची टक्केवारी, आणि सप्लायरचं एक पत्र की यात सीएफसी-एचसीएफसी आहे का नाही. डिस्क्रिप्शनमध्ये "रेफ्रिजरंट गॅस" एवढंच लिहू नका, पूर्ण केमिकल नाव, आर नंबर आणि टक्केवारी टाका. तरीही शंका असेल आणि माल वारंवार येणार असेल तर मुंबईच्या कस्टम्स अॅडव्हान्स रुलिंग अथॉरिटीकडे अर्ज करा, निकाल काही वर्षं चालतो. माल बंदरात लागल्यावर वेळ नसतो, हे काम पर्चेस ऑर्डर द्यायच्या आधीच करा, आणि कागदांची फाइल निदान पाच वर्षं जपून ठेवा, कारण माहिती लपवल्याचा आरोप ठेवून डिमांड काढायची झाली तर सेक्शन २८ प्रमाणे तेवढं मागे जाता येतं.